रविवारच्या घरामागची दोरी

सकाळी लवकर निघायचं, असं आदल्या दिवशी आम्ही तिघांनीही एकमेकांना बजावलं होतं. प्रत्यक्षात टेक्सासच्या उत्तरेकडच्या फ्रिस्कोतलं घर सोडलं तेव्हा ऊन चांगलं डोक्यावर आलं होतं. तान्हं बाळ असलेल्या घरात घड्याळाला विचारतो कोण! गाडी कोपऱ्यापर्यंत गेली आणि दुपट्यांची पिशवी दारातच राहिल्याचं लक्षात आलं. परत फिरलो. पुन्हा निघालो, तर हन्नाबाईंनी कोरा करकरीत फ्रॉक दुधाने माखून ठेवला. हन्ना माझी नात. मी नगरची, शाळेतून रिटायर झालेली मास्तरीण. आमचे हे गुडघ्यांच्या दुखण्यामुळे घरीच राहिले, म्हणून लेकीच्या मदतीला मी एकटीच अमेरिकेत आले होते.

लेक करुणा आणि जावई एरिक दोघंही सॉफ्टवेअरमधले. एरिकच्या घराण्याला जर्मनी सोडून पाच-सहा पिढ्या झाल्या. टेक्सासच्या मध्यावर ‘हिल कंट्री’ (चुनखडीच्या बुटक्या टेकड्यांचा प्रदेश) आहे, तिथे हे जर्मन शेतकरी येऊन वसले. त्यांच्या गावातल्या ल्यूथरन चर्चमध्ये हन्नाचा बाप्तिस्मा व्हायचा होता आणि आम्ही त्याच्यासाठीच चाललो होतो.

आता यातली गोम सांगते. एरिक आणि त्याचे वडील वॉल्टर, म्हणजे माझे व्याहीबुवा, गेल्या निवडणुकीपासून एकमेकांशी एक शब्द बोललेले नव्हते. विहीणबाई असत्या तर त्यांनी दोघांचे कान धरले असते, पण त्या लग्नाआधीच वारल्या. आणि त्या चर्चची रीत अशी की आजोबांनी बाळाला दारापासून वेदीपर्यंत उचलून आणायचं आणि पाण्याच्या दगडी पात्राजवळ बापाच्या हातात द्यायचं. एरिकलाही तसंच दिलं होतं, त्याच्या बापालाही. म्हणजे दोघांना समोरासमोर उभं राहणं भाग होतं. वॉल्टरनी करुणाला फोनवर एवढंच सांगितलं होतं की मी येईन आणि मागच्या बाकावर बसेन. माझ्या पोरीच्या डोळ्याला त्या आठवड्यात डोळा लागलेला नव्हता.

“भांडण तरी कशावरून?” मी विचारलं होतं.

“पॉलिटिक्स, आई. प्लीज, तू तिथे गेल्यावर काही विचारू नकोस हं. मी कसंतरी मॅनेज केलंय.”

मी विचारणार नाही म्हटलं. आणि खरंच विचारलं नाही. त्यामुळेच पुढचा सगळा घोळ झाला.

रस्ता दक्षिणेकडे सरळसोट. दोन तासांनी एका बेकरीपाशी थांबलो आणि ‘कोलाचे’ (आत जर्दाळूचा किंवा खसखशीचा गोड गर भरलेला मऊ पाव) खाल्ले. रांगेत पुढे हॅट घातलेले एक आजोबा होते. माझ्या साडीकडे पाहून त्यांनी विचारलं, “मॅम, तुम्ही कुठून आलात?”

“नगरहून.”

“ते दिल्लीजवळ आहे का?”

“नाही. दिल्ली नगरपासून लांब आहे,” मी म्हटलं. आजोबा खळखळून हसले आणि खसखशीचाच घ्या म्हणून त्यांनी मला बजावलं. बरोबर सांगत होते. मी दोन खाल्ले.

ऑस्टिन मागे पडलं आणि जमीन उंचसखल व्हायला लागली. रस्त्याच्या कडेला ‘ब्लूबॉनेट’ (वसंतात येणारी निळी रानफुलं) इतकी फुलली होती की नजर ठरेना. अधूनमधून ओकची झाडं, तारेची कुंपणं, खडकाळ ओढे. आमच्या पारनेरकडची माळरानं आठवली, फक्त इथे शेळ्या जास्त धष्टपुष्ट.

करुणा आणि हन्ना मागे झोपल्या होत्या. मी पुढे एरिकजवळ. जावई मोठा वाचक आहे, त्याला बोलतं केलं की तो तासभर बोलतो. मी म्हटलं, तुमच्या जर्मनीतल्या ख्रिस्ती लोकांचं सांग. आम्ही शाळेत धर्मसुधारणेपर्यंतच शिकलो, पुढे काय झालं?

त्याने सांगितलं ते मी विसरणार नाही. नाझी राजवट आली तेव्हा कित्येक चर्चमध्ये क्रुसाशेजारी नाझींचे झेंडे लागले. लावणारे राक्षस नव्हते. रोज प्रार्थना करणारी, मुलांना पवित्र शास्त्र शिकवणारी साधी माणसं होती. त्यांना वाटत होतं की देशावर प्रेम करणं म्हणजेच देवाची सेवा. थोडे पाळक (चर्चचे धर्मगुरू) मात्र उभे राहिले आणि म्हणाले, चर्चचा प्रभू एकच, दुसऱ्या कोणाला आम्ही तो मान देणार नाही. त्यांतले काही तुरुंगात गेले, काही परत आलेच नाहीत.

“आई, झेंडे लागले त्या दिवशी कोणाला काही वाईट घडतंय असं वाटलंच नाही. मला त्याचीच भीती वाटते,” तो म्हणाला. स्टिअरिंगवरची त्याची बोटं घट्ट झाली होती. तो स्वतःच्या घराबद्दल बोलतोय हे मला तेव्हा कळायला हवं होतं. पण मी खिडकीतून शेळ्या बघत बसले.

गावात पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. आमचा मुक्काम ‘संडे हाउस’मध्ये. (पूर्वी लांबच्या शेतांवरचे लोक शनिवारी घोडागाडीने गावात येत, रविवारची उपासना करून परत जात. त्या एका मुक्कामासाठी प्रत्येक कुटुंबाने चर्चजवळ बांधलेलं हे चिमुकलं घर.) खाली एक खोली, वर पोटमाळा, मागे परसात कपडे वाळत घालायची दोरी आणि तिच्यापलीकडे चर्चची दगडी भिंत. उपासनेसाठी घर बांधणारी माणसं! मला ते घर पाहताक्षणी आवडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्याहीबुवा पिकअप घेऊन आले. उंच, वाकलेले, हात नांगरटीचे. त्यांनी हॅट काढली, “वेलकम, मॅम” म्हणाले आणि घरी केलेल्या सॉसेजचं आणि आंबवलेल्या कोबीचं भलंमोठं भांडं माझ्या हातात दिलं. हन्नाला पाहिलं आणि ते खाली वाकले. बोट पुढे केलं, तिने ते पकडलं आणि सोडेना. एरिक तिथेच, हाताच्या अंतरावर उभा.

“करुणा,” वॉल्टर म्हणाले, “एरिकला सांग, मागचा नळ गळतो. जोरात फिरवू नये.”

“करुणा,” एरिक म्हणाला, “डॅडना सांग, मी मघाशीच वॉशर बदललाय.”

अरे देवा! माझ्या वर्गातली चौथीची पोरं बरी. मला हसू आलं. व्याहीबुवांनी बोट हळूच सोडवून घेतलं आणि ते निघून गेले.

दुपारी डॉरथी नावाच्या वयस्क बाई चर्च झाडायला जाताना दिसल्या. मीही पदर खोचून निघाले. आमच्या नगरला बाप्तिस्मा असो की नाताळ, आदल्या दिवशी बायका मिळून देऊळ धुऊन काढतात. (आम्ही जुनी ख्रिस्ती माणसं चर्चला ‘देऊळ’ही म्हणतो.) वेदीवरची वस्त्रं, पडदे, सतरंज्या, जे जे कापड दिसेल ते धुवायचं, हा आमचा नेम. माझ्या पणजोबांना येशूची ओळख अमेरिकेतून आलेल्या मिशनऱ्यांनी करून दिली. आता त्यांच्या देशात मी खराटा मारतेय, या विचाराने मला मोठी गंमत वाटली.

चर्च आतून फार सुंदर. आकाशी छत, त्यावर हाताने रंगवलेले तारे, भिंतीवर जर्मन अक्षरांत एक वचन. डॉरथीबाई फुलं आणायला गेल्या. जाताना म्हणाल्या, धुवायचं कापड टोपलीत आहे. मी टोपली उचलली, इकडेतिकडे पाहिलं, तर वेदीच्या बाजूला काठीवर अमेरिकेचा झेंडा. सोनेरी झालर, आणि तिच्यावर ही धूळ! उद्या माझ्या नातीचा बाप्तिस्मा आणि हे असं? मी काठी आडवी केली, स्क्रू सोडवला आणि झेंडा टोपलीत टाकला. कोणाला विचारायचं असतं हे डोक्यातही आलं नाही. गार पाण्यात, हलक्या साबणाने, हाताने धुतला. पाणी काळं झालं ते पाहून मला धन्य वाटलं. संध्याकाळी तो परसातल्या दोरीवर घातला आणि वेदीच्या वस्त्रांना इस्त्री करून निवांत झोपले.

रविवारी सकाळी झेंडा दवाने पुन्हा ओलसर. असू दे, उपासनेनंतर लावू, असं म्हणून मी बाळाच्या तयारीला लागले. फ्रॉक मी नगरहून शिवून आणलेला, पांढरा, गळ्यावर साखळी टाक्याची वेल.

घंटा झाली. मंडळी जमू लागली आणि काहीतरी बिनसलंय हे मला जाणवलं. लोक आत येत, पुढे बघत, मग एरिककडे बघत आणि कुजबुजत बसत. एक गृहस्थ मोठ्याने म्हणाले, “अखेर केलंच त्याने.” तेवढ्यात वॉल्टर आले. काळा कोट, हॅट हातात. त्यांनी वेदीकडे पाहिलं, रिकाम्या काठीकडे पाहिलं, मग मुलाकडे. चेहरा पांढराफटक पडला. ते वळले आणि दाराबाहेर गेले.

“करुणा, काय झालं ग?”

“आई, झेंडा!” तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं. “भांडण त्याच्यावरूनच होतं ना. इलेक्शनच्या आधी एरिकने चर्चच्या मीटिंगमध्ये म्हटलं की झेंडा वेदीजवळून काढू या, जर्मनीत असंच सुरू झालं होतं. डॅड सगळ्यांसमोर म्हणाले, लाज वाटत असेल तर इथे येऊ नकोस. आता कोणीतरी काढलाय आणि त्यांना वाटतंय एरिकनेच. संपलं सगळं.”

मी म्हटलं, बाई, तो मी धुतलाय! करुणा माझ्याकडे बघतच राहिली. तिला रडावं की हसावं कळेना. एरिकने ऐकलं आणि कपाळावर हात मारला. मी मात्र निऱ्या सावरत बाहेर धावले. साठी उलटल्यावर मी अशी कधी धावले नव्हते.

वॉल्टर पिकअपचं दार उघडत होते. मी मधे जाऊन उभी राहिले. “व्याहीबुवा!” म्हटलं, मग इंग्रजी आठवलं. “त्याचा दोष नाही. मी काढला. मळला होता म्हणून धुतला. तो बघा.”

ते माझ्यामागून परसात आले. दोरीवर झेंडा उन्हात हलत होता. लाल पट्टे लालभडक, पांढरे खरोखर पांढरे. म्हातारा त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. मला वाटलं आता ओरडणार. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, “माझी आजी धुवायची. इथेच वाळत घालायची.”

मग ते सांगू लागले, झेंड्याकडेच बघत. पहिलं महायुद्ध सुरू होतं. जर्मनीशी लढाई, आणि हे जर्मन बोलणारे. एका सकाळी लोक आले तर चर्चच्या दाराला कोणीतरी पिवळा रंग फासलेला. त्या दिवसांत पिवळा म्हणजे भेकड, देशद्रोही. आजोबांना बाजारात अडवून विचारलं, तू कोणाच्या बाजूचा? पाळकांनी जर्मन उपासना बंद केली. आजीने झेंडा आणला आणि वेदीजवळ उभा केला, येणाऱ्याला दारातून दिसेल असा. पुढे कापड विरलं की नवं आणायचं, पण जागा तीच.

“ती म्हणायची, हा इथे आहे तोवर आपली मुलं सुरक्षित आहेत.”

“हे मला कधीच सांगितलं नाहीत, डॅड.” एरिक मागे येऊन उभा होता. त्याचं बोलणं करुणामार्फत आलं नव्हतं.

“घरात बोलायचं नाही असाच दंडक होता. जर्मन भाषाही बोलायची नाही आणि हेही नाही.” वॉल्टर मुलाकडे वळले. “आणि तू माझ्या आजीच्या झेंड्याला नाझींच्या झेंड्याशेजारी नेऊन बसवलंस.”

“मी तसं म्हटलं नव्हतं. मी म्हणत होतो की देवासमोर उभं राहताना मला कोणाला काही सिद्ध करून दाखवायचं नाही. तिथे तरी नाही.”

मला दोघांचंही पटत होतं आणि ते सांगायची सोय नव्हती. आमच्याकडेही ख्रिस्ती म्हटलं की कोणीतरी हसत हसत विचारतं, “तुम्ही मूळचे कुठले हो?” आणि मी तितक्याच हसत सांगते, “नगरचीच की, सात पिढ्या.” पंधरा ऑगस्टला आमच्या चर्चच्या आवारात झेंडावंदन सगळ्यांच्या आधी होतं. प्रेम असतंच, खरं प्रेम असतं. पण त्या घाईत थोडी भीतीही असते, हे मी आजवर कोणाजवळ बोलले नव्हते. तिथे त्या परसात, परक्या देशात, मी ते त्या दोघांना सांगितलं. म्हटलं, एरिक, तुझ्या पणजीने तो भीतीपोटी लावला रे, गर्वापोटी नाही. आणि वॉल्टर, तुमच्या आजीला जी भीती घातली, ती घालणारी माणसं अजून आहेत, म्हणून तुमचा मुलगा बोलला.

वॉल्टरनी झेंडा चाचपला. झालर सोडली तर वाळला होता. त्यांनी चिमटे काढले. पण झेंडा मोठा, आणि तो जमिनीला टेकता कामा नये अशी इथली शिस्त. एका माणसाला त्याची घडी घालताच येत नाही. एक टोक त्यांच्या हातात, दुसरं खाली ओघळायला लागलं, आणि एरिकने पुढे होऊन ते धरलं.

आपण बायका दोघी मिळून चादरीची घडी घालतो ना, तशी त्यांची घडी सुरू झाली. लांबीत एकदा, पुन्हा एकदा, मग टोकापासून त्रिकोणावर त्रिकोण. प्रत्येक त्रिकोणाला एरिक एक पाऊल पुढे येत होता. लहानपणी बापाने शिकवलं असणार, कारण कोणी कोणाला सूचना देत नव्हतं. शेवटी दोघं इतके जवळ आले की बोटांना बोटं लागली. वॉल्टरनी शेवटचं टोक आत खोचलं आणि विचारलं, “कुठे ठेवू?”

त्यांनी मुलाला थेट विचारलेला तो पहिला प्रश्न.

“तुम्हीच ठेवा, डॅड. तुमच्याजवळ.”

आम्ही आत गेलो. सगळी मंडळी मान वळवून बघत होती. तरुण पाळकबाई वेदीजवळ थांबून राहिल्या होत्या, बिचाऱ्या. त्यांनी गीत सुरू करायची खूण केली. बाप्तिस्म्याची वेळ आली तशी करुणा हन्नाला घेऊन दारापाशी गेली. वॉल्टर उठले, छातीशी झेंड्याचा त्रिकोण. बाळाला घ्यायला दोन्ही हात लागतात. ते क्षणभर गोंधळले, आजूबाजूला पाहिलं, आणि त्यांनी झेंडा माझ्या मांडीवर ठेवला.

म्हणून माझ्या नातीचा बाप्तिस्मा मी अमेरिकेचा झेंडा मांडीवर घेऊन पाहिला, नगरची मास्तरीण. आजोबा हन्नाला घेऊन मधल्या वाटेने चालत आले, फार सावकाश. दगडी पात्राजवळ एरिक उभा होता. वॉल्टरनी बाळ त्याच्या हातात दिलं, पण स्वतःचा हात तिच्या डोक्याखालून काढून घेतला नाही. पाळकबाईंनी तसंच पाणी घातलं. ते तिघांवरही सांडलं. हन्नाने टाहो फोडला आणि मी पदरात तोंड लपवून मनसोक्त रडून घेतलं.

नंतर चर्चमागच्या हॉलमध्ये जेवण होतं. सॉसेज, बटाट्याचं सॅलड, पीचचा केक आणि मी केलेला शिरा, ज्याची डॉरथीबाईंनी तीनदा कृती विचारली. मघाचे ते “अखेर केलंच त्याने” म्हणणारे गृहस्थ माझ्याजवळ येऊन म्हणाले, “मॅम, पुढच्या वेळी आधी विचाराल का?” मी म्हटलं, “पुढच्या वेळी तुम्ही आधी धुवाल का?” ते चक्क लाजले. झेंडा मी वॉल्टरना परत दिला. तो पुन्हा कुठे उभा करायचा, हे मंडळीची सभा ठरवणार होती. त्या सभेत बाप एका बाजूने आणि मुलगा दुसऱ्या बाजूने हात वर करणार, याची मला पूर्ण खात्री होती.

दुपारी परतीला लागलो. टेकड्या सपाट होत गेल्या, निळी फुलं मागे राहिली. मी येताना देवाजवळ मागितलं होतं, या दोघांचं एकमत होऊ दे. ते काही झालं नव्हतं. व्हायचंही नाही बहुतेक. एकाच पुस्तकातून प्रार्थना करणारी माणसं देवाच्या एकाच राज्याची वाट बघतात, पण मत मात्र वेगवेगळ्या पेट्यांत टाकतात. ते जर्मनीतही तसंच होतं, नगरलाही तसंच आहे. मागायचं ते मी चुकीचंच मागितलं होतं.

ऑस्टिन ओलांडलं आणि गाडीतला फोन वाजला. पडद्यावर ‘डॅड’. एरिकने गाडी चालवता चालवता बटण दाबलं.

“पोचलात?”

“नाही अजून. हन्ना झोपलीय.”

मग वॉल्टर म्हणाले, “मीटिंगमध्ये तू ज्यांचं सांगत होतास ते तुरुंगात गेलेले पाळक, त्यांच्याबद्दल तू कुठे वाचलंस ते मला पाठव. पण एक सांगतो, आपला देश म्हणजे जर्मनी नव्हे.”

“मी तसं म्हणतच नाहीये, डॅड. तुम्ही आधी ऐका तरी.”

“तूच ऐक.”

झालं. पाच मिनिटांत दोघांचे आवाज चढले. हे ऐका, ते ऐका, त्या अमक्याने काय केलं, तुमच्या तमक्याने काय केलं. हन्ना जागी होऊन किरकिर करू लागली. मला धास्ती वाटली, इतकं करून पुन्हा तेच! मी मागे वळून करुणाला हळूच म्हटलं, “अगं, थांबव की त्यांना.”

ती हन्नाला थोपटत होती. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

“नको ग आई,” ती म्हणाली. “भांडू दे त्यांना. किती दिवसांनी भांडतायत.”